मामांच्या टोमॅटोचा फेटा पास्ता

रविवार, रात्रीचे 11.30

हाताला अजून लसणाचा वास येतोय, ओट्याखाली अर्ध्याच्या वर भरलेलं टोमॅटोचं कॅरेट तसंच आहे, पण आजचं लिहिल्याशिवाय झोप यायची नाही.

काल संध्याकाळी दिंडोरीहून मामा-मामी आले. मामांनी पिकअपमधून थेट कॅरेटच दारात उतरवलं. म्हटलं मामा एवढे कशाला, तर म्हणाले, "राहू दे गं पोरी, तिकडं 90 नी मागत होते, त्यापेक्षा तुझ्याकडं कुणी खाईल तरी." 90 रुपये म्हणजे किलोला नाही, 20 किलोच्या अख्ख्या कॅरेटला. साडेचार रुपये किलो! त्यातून तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली जायची. आणि त्याच्या आधी रोपं, ठिबक, बांबू, तार, बांधणी, पाऊस लांबला की करप्याच्या फवारण्या. सुट्टीत गेलो की बांधणीसाठी सुतळ्या कापून द्यायचं काम आम्हा पोरांकडे असायचं, म्हणून मला हे नुसतं ऐकून माहीत नाही. टोमॅटोच्या झाडाला हात लावला की बोटं आधी पिवळी-हिरवी आणि मग काळी होतात, साबणाने लगेच जात नाही तो रंग. काल चहाचा कप घेताना मामींच्या बोटांच्या पेरांवर तो दिसला आणि माझ्या घशात एकदम काहीतरी अडकल्यासारखं झालं.

आणि मागच्याच महिन्यात मी गंगापूर रोडच्या एका दुकानातून चेरी टोमॅटोची डबी आणली होती, 200 ग्रॅम 70 रुपयांना. म्हणजे किलोला 350. हा हिशोब रात्री पडल्या पडल्या केला आणि तेव्हाच ठरवलं की उद्याचा पास्ता ह्याच टोमॅटोचा करायचा, मामा-मामी असतानाच.

सकाळी कॅरेट पालथं घालून निवडायला बसले. कांद्यात गोल्टी म्हणतात ना, तसा बारीक माल टोमॅटोतही निघतो, शेवटच्या तोड्यांमध्ये जास्तच. मार्केटला त्याला कोण विचारत नाही. मी नेमका तोच वेगळा काढला, लिंबाएवढे, पूर्ण लाल झालेले, साधारण अर्धा किलो. मागच्या वेळी मोठे टोमॅटो चार फोडी करून टाकले होते तर इतकं पाणी सुटलं की फेटा चीजचा ठोकळा त्यात नुसता पोहत बसला आणि पास्ता सारासारखा झाला, लेकाने अर्धा टाकला. म्हणून ह्यावेळी बारीक टोमॅटो अख्खेच ठेवले, देठाची जागा तेवढी काढली, जरा मोठे होते त्यांचे दोन भाग करून आतलं पाणी आणि बिया काढून घेतल्या (त्या आमटीत गेल्या, वाया काही नाही).

काचेच्या भांड्यात मधोमध फेटाचा 200 ग्रॅमचा ठोकळा, भोवती टोमॅटो, सोललेल्या लसणाच्या 8-10 पाकळ्या अख्ख्याच, सुक्या मिरचीचा चुरा, मिरपूड, आणि अर्धी वाटी ऑलिव्ह ऑइल. मामी म्हणाल्या, "बाई, एवढं तेल?" पण इथे तेलात हात आखडता घेतला की सगळं बिघडतं, कारण टोमॅटोचा रस आणि हे तेल मिळूनच पुढे रस्सा होतो. मीठ मात्र टोमॅटोवर अगदी चिमूटभर, फेटा स्वतःच खारट असतो. ओटीजी (आमचा छोटा ओव्हन) 200 डिग्रीवर आधी गरम केला आणि भांडं आत ठेवलं, 40 मिनिटं.

त्या 40 मिनिटांत मामींचे प्रश्न सुरू झाले आणि मला सांगताना इतकं बरं वाटत होतं. फेटा म्हणजे ग्रीसचं चीज, मेंढीच्या दुधाचं, त्यात शेळीचं दूध 30 टक्क्यांपर्यंत चालतं, आणि मिठाच्या पाण्यात बरणीतल्या लोणच्यासारखं मुरवतात, निदान 2 महिने तरी. 2002 पासून युरोपात ग्रीसशिवाय दुसऱ्या कुणाला फेटा हे नाव लावता येत नाही. मामी लगेच, "मग आपलं घरचं पनीर चालंल का?" पनीर गोडसर, त्याला हा आंबट-खारटपणा नाही. पण म्हटलं करून बघा, थोडा चक्का आणि मीठ कुस्करून त्यात घालून, चव वेगळी येईल पण वाईट काही होणार नाही.

हा पदार्थ मात्र ग्रीसचा नाही, फिनलंडचा. 2019 ला तिथल्या फूड ब्लॉगर जेनी हायरिनेन हिची ही रेसिपी इतकी चालली की तिकडे दुकानांमधून फेटा संपायला लागला, मग 2021 च्या सुरुवातीला टिकटॉकवरून जगभर गेली. आपल्याकडे टिकटॉक जून 2020 लाच बंद झालं होतं त्यामुळे आपण ती रील्सवर बघितली. एवढ्या थंडीच्या देशातल्या बाईने केलेला पदार्थ आज नाशिकमध्ये मामांच्या वावरातल्या टोमॅटोने होतोय, मला ह्याचं खरंच फार अप्रूप वाटलं.

अर्ध्या तासाने टोमॅटोची सालं सुरकुतली, एकेक फुटायला लागला, कडेला रस काळपट लाल होऊन भांड्याला धरला. फेटा मोझरेलासारखा वितळून पसरत नाही. तो ठोकळाच राहतो, वरून बदामी होतो, पण चमच्याने दाबलं की आतून लोण्यासारखा मऊ. लसूण तर बोटाने दाबला तरी मोडत होता. सगळं चमच्याने ठेचून एकजीव केलं, त्यात शिजलेला पास्ता आणि तो उकडलेलं पाणी अर्धी वाटी. ते पाणी अजिबात ओतून द्यायचं नाही, त्यातल्या स्टार्चमुळे तेल आणि चीज धरून राहतं, नाहीतर तेल वेगळं सुटतं. वरून कुंडीतलं बेसिल तोडून घातलं, तर मामींनी पान चुरगळून हुंगलं आणि म्हणाल्या हा तर सब्जा! बरोबरच आहे, ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो तेच हे झाड.

मामांनी पास्ता दोन घास खाल्ला आणि बाजूला ठेवला. वाटलं नाही आवडला. पण मग म्हणाले, "हे वरचं लाल आहे ना, ते दे, ह्या शेवया राहू दे." भांड्याच्या कडेला जे राहिलं होतं ते त्यांनी सकाळच्या बाजरीच्या भाकरीने पुसून खाल्लं, शांतपणे, एकही शब्द न बोलता, आणि शेवटी एक अख्खा राहिलेला टोमॅटो चमच्यात घेऊन बघत बसले. "आपलाच ना हा?" म्हटलं हो मामा, तुमचाच, तो बारीक माल. "गोड लागतोय गं." मग परत भाकर मागितली.

मीही एक तुकडा भाकरीशी खाऊन बघितला. खरं सांगते, पास्त्यापेक्षा तेच जास्त छान लागलं, बाजरीच्या त्या किंचित कडसर चवीला हा आंबट-गोड-खारट रस्सा इतका जुळतो. पुढच्या वेळी निम्मा पास्ता, निम्म्या भाकरी.

दुपारी चारला निघाले दोघं. मामी फोन पुढे करून म्हणाल्या, सगळं बोलून ठेव ह्यात, किती वेळ, किती तेल, मी धाकट्या सुनेला ऐकवते, तिच्याकडे ओव्हन आहे. बोलून ठेवलं. फेटा कॉलेज रोडवरून घेऊन ठेवते, बुधवारी पुढचा तोडा आहे, मामांचा मुलगा गाडी घेऊन येईल तेव्हा त्याच्याकडे देईन.

आत्ता ओटीजीत दुसरं भांडं चालू आहे, फेटाशिवाय, नुसते टोमॅटो, लसूण आणि तेल, गार झालं की डब्यात भरून फ्रीजरमध्ये. कॅरेटमध्ये अजून अशी 6-7 भांडी सहज निघतील. सात मिनिटं राहिलीत, तोवर जागते.