आमची वाटचाल: आधी राळ, मग लेथ

फोंड्यात आमचं बंदूक दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे, बाबांनी सुरू केलं, आता मी आणि धाकटा भाऊ बघतो. १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे नुसत्या दुरुस्तीलाही लायसन्स लागतं, म्हणून बाबांची सुरुवातीची वर्षं लेथपेक्षा (धातू फिरवत ठेवून कापायचं यंत्र) फायली आणि रजिस्टरातच जास्त गेली. गिऱ्हाईक म्हणजे सत्तरी, सांग्याकडचे काजू-सुपारीचे बागायतदार, बहुतेकांकडे बारा बोअरची छऱ्याची बंदूक, काम म्हणजे गंज काढा, स्प्रिंग बदला.

नाव झालं ते एका ३१५ बोअरच्या बोल्ट ॲक्शन रायफलमुळे, म्हणजे हाताने बोल्ट मागेपुढे करून काडतूस भरायची ती. वाळपईकडचे एक काका घेऊन आले, कित्येक पावसाळे चामड्याच्या कव्हरात ठेवलेली, आणि चामडं ओल धरून ठेवतं हे लोकांना कितीही सांगा. बॅरल, म्हणजे नळी, आतून पार खड्डे पडलेली. नवीन बॅरल परवानगीच्या कागदांसकट आलेली, फक्त जुनी काढायची होती.

ती निघेचना! बॅरल रिसीव्हरमध्ये, म्हणजे बोल्ट बसतो त्या मुख्य सांगाड्यात, आट्यांवर फिरवून बसवलेली असते. आट्या साध्याच, उजव्या, पण फॅक्टरीत आवळलेली आणि वर गंजाने धरलेली. मी वाइसमध्ये (शिकंज्यात) बॅरल पकडून पान्याला पाइप लावला तर बॅरल वाइसमध्येच गर्रकन फिरली, ओरखडा उठला. बाबा म्हणाले, "थांब रे, रिसीव्हरला पीळ बसला तर रायफलच गेली, बॅरल दुसरी मिळते." मग त्यांनी लाकडाचे दोन ठोकळे बॅरलच्या मापाने कोरले, आत राळेची पूड टाकली, तीच राळ, दशावतारात मशालीवर उडवतात ती, आणि काय सांगू, पकड अशी बसली की हलायचं नाव नाही. आट्यांत पातळ तेल सोडून तीन दिवस ठेवली. हीटगनने थोडी ऊब दिली, गॅसची ज्योत मात्र बाबांनी लावू दिली नाही, जास्त तापलं की रिसीव्हरच्या पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.

तरी नाही. शेवटी लेथवर घेतली. बॅरलचा खांदा रिसीव्हरच्या तोंडावर जिथे दाबून बसतो, त्याच्या अगदी पुढे बॅरलमध्येच पार्टिंग टूलने बारीक खाच मारली. बॅरल तशी बादच होती. खाच पडली तसा खांद्यावरचा दाब सुटला, पाना लावला आणि टक् असा बारीक आवाज आला, पुढे हाताने फिरत बाहेर! आट्यांवर लालसर भुकटी, रिसीव्हरला मात्र चरासुद्धा नाही. बाबांनी तीनदा भिंग लावून पाहिलं.

नवीन बसवताना गो आणि नो-गो गेजने (पहिल्यावर बोल्ट बंद व्हायला हवा, दुसऱ्यावर नको) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि काडतूस टेकतं ती जागा यांच्यातलं अंतर, तपासलं, त्याशिवाय रायफल कुणाच्या हातात द्यायची नाही हा आमच्याकडचा नियमच. जुन्या बॅरलचीसुद्धा रजिस्टरात नोंद केली, ती काही भंगारवाल्याला देण्याची वस्तू नव्हे.

त्या काकांनी गावभर सांगितलं, मग काणकोणपासून पेडण्यापर्यंतची माणसं यायला लागली. बॅरलचं काम आलं की आता आम्ही भाव लगेच सांगत नाही, आठ दिवस ठेवून घेतो, तेल मुरू देतो, घाई असेल त्याला आधीच नको म्हणतो.