एप्रिलात बिअर आंबवायची तर

पुण्याच्या ब्रूपबमध्ये गव्हाची बिअर हमखास मिळते, लागर (थंडाव्यात आंबवून मुरवलेली बिअर) शोधावी लागते. कारण टाकी. लागरचं यीस्ट ८ ते १२ अंशांवर सावकाश चालतं आणि पुढे बिअर शून्याच्या आसपास चार-सहा आठवडे मुरवावी लागते. तेवढ्यात त्याच टाकीतून गव्हाच्या दोन-तीन बॅचेस निघतात. गारव्याचं वीजबिल वाचतं ते वेगळंच.

जर्मनीतल्या बव्हेरियात हा हिशेब जुनाच. १५५३च्या हुकमानं तिथे २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायलाच बंदी आली, कारण उन्हाळ्यातली बिअर नासायची. १५१६चा शुद्धतेचा कायदा जो तो सांगतो (बिअरमध्ये पाणी, जव आणि हॉप्स ही कडवट फुलं एवढंच असावं असा; त्यात यीस्टचं नावही नाही), पण लागर घडली ती थंडीत करून तळघरात मुरवण्याच्या या सक्तीतून. १८७०च्या दशकात जर्मन अभियंता कार्ल लिंडेची शीतयंत्रं आली आणि ती अडचण सुटली.

गव्हाच्या बिअरचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं. २० लिटरच्या चाचणी बॅचला अडीच किलो गव्हाचं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), दोन किलो पिल्सनर म्हणजे जवाचं फिकट माल्ट आणि ते भिजवायला १४ लिटर पाणी घ्यायचं; बाकीचं पाणी गाळताना वरून. (परवान्याशिवाय घरी करणं आपल्याकडे बेकायदा आहे, हे लक्षात असू द्या.) आधी ४४ अंशांवर १५ मिनिटं थांबायचं, लवंगेचा वास ज्यातून येतो ते आम्ल इथे सुटतं. मग ६६ अंशांवर तासभर. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे गाळताना चोथा घट्ट बसतो आणि रस, म्हणजे माल्टचं गोड पाणी, उतरायचा थांबतो. दोनशे ग्रॅम धुतलेलं भाताचं तूस आधीच मिसळलं की वाट मोकळी राहते. उकळी तासभर, झाकण न ठेवता; झाकलं तर उकडलेल्या मक्याचा वास राहतो. सुरुवातीलाच २५ ग्रॅम हालरटाऊ हॉप्स, बस्स.

खरी गडबड पुढे होते. एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणीच तिशीत असतं. त्यानं उकळलेला रस तिशीच्या खाली जाणार कसा? गारेगार पाणी फिरवून तो १८ अंशांवर आणल्याशिवाय यीस्ट घालू नये. आंबताना उष्णता निघते आणि तापमान आणखी चार-पाच अंश सहज चढतं. २६च्या वर गेलं की पिकल्या केळ्याच्या वासाऐवजी थिनरसारखा भपका येतो, आणि तो मुरवूनही जात नाही.

बेल्जियमच्या लाम्बिकचा इथे विचारच नको. ब्रसेल्सजवळ उथळ हौदात रस रात्रभर उघडा निवतो आणि हवेतलं यीस्ट त्यात उतरतं. हे तिथेसुद्धा थंडीच्या महिन्यांतच करतात.

आपल्या उकाड्याला शोभेल असं यीस्ट आहे नॉर्वेच्या खेड्यांतलं, क्वेक. शेतकरी ते लाकडी कड्यांवर वाळवून ठेवत, शेजाऱ्यापाजाऱ्यांना देत. वॉस गावाकडचं क्वेक ३५ ते ४० अंशांत घातलं तरी भपका येत नाही, संत्र्याच्या सालीचा वास येतो आणि तीन-चार दिवसांत आंबवण संपते. माझ्या मते पुण्यातल्या ब्रूअरांनी उन्हाळ्यात चिलरशी झगडण्यापेक्षा हेच वापरावं. दोन पथ्यं मात्र पाळावीत. हलक्या, कमी माल्टच्या रसात यीस्टचं खाद्य कमी पडतं आणि आंबवण अर्धवट राहते, म्हणून पोषक घालायचं. आणि डिसेंबरात टाकी गुंडाळून ठेवायची. विशीच्या खाली हे यीस्ट रेंगाळतं.