आधी स्लाइड, मग औषध: आमच्या कॉकाटीलच्या पोटदुखण्याचा माझा अनुभव

टिकल्या हा आमचा कॉकाटील. राखाडी अंग, पिवळं तोंड आणि दोन्ही गालांवर केशरी टिकली, म्हणून टिकल्या. पोपटांच्याच कुळातला, पण मूळचा ऑस्ट्रेलियाचा. (आपला हिरवा पोपट घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.) गेल्या पावसाळ्यात त्याचं पोट बिघडलं आणि ते दुखणं दिवाळीपर्यंत पुरलं. साताऱ्यात गायी-म्हशींचे आणि कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर आहेत, पण पक्ष्यांवर हात बसलेला डॉक्टर शोधावा लागतो. ज्यांच्यावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

पहिली शंका आली ती पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये. पक्ष्याची शी एकजिनसी नसते, तिचे तीन भाग असतात: हिरवा-तपकिरी घट्ट भाग म्हणजे मळ, पांढरा खडूसारखा भाग म्हणजे युरेट (लघवीतलाच घट्ट भाग) आणि भोवतीचं पाणी म्हणजे लघवी. नुसतं पाणी वाढलं तर काकडी किंवा कलिंगड जास्त खाल्लं असेल, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण टिकल्याचा मळाचा भागच सैल झाला होता, आणि त्यात राळ्याचा एक अख्खा दाणा होता. कॉकाटील दाणा सोलून खातो, त्यामुळे तो दाणा सालीविना, स्वच्छ, पिवळसर, जसाच्या तसा बाहेर आला होता. म्हणजे तो वाटीतून सांडलेला नव्हता, पोटातून न दळता आला होता. दुसऱ्या दिवशी तसे आणखी दिसले.

गंमत अशी की तो खात भरपूर होता. दिवसभर वाटीत चोच, तरी अंगाला काही लागत नव्हतं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याची छोटी दांडी ठेवून मी त्याचं वजन नेहमीच करते. ९२ ग्रॅमचा टिकल्या ७९ वर आला होता. कॉकाटीलचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं तरी ते गंभीर समजतात. पिसांमुळे वरून काहीच दिसत नाही. छातीवरून बोट फिरवलं तेव्हा मधलं हाड धारेसारखं लागलं. त्यातच त्याने मान झटकून दाणे उलटून टाकले आणि डोक्यावरची पिसं चिकट झाली.

घरात सल्ले सुरू झाले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, ओव्याचं पाणी पाज त्याला, आपल्याला उतार पडतो तसा पडेल." पक्ष्यांच्या दुकानातून पिवळ्या पावडरची पुडी आली: पाण्यात टाका, सगळ्या पोटांवर चालते. ती अँटिबायोटिक होती. मी ती उघडली नाही. पोट बिघडायला जिवाणू कारण असतील, बुरशी असेल, जिआर्डियासारखा एकपेशीय जीव असेल, विषाणू असेल, किंवा पिंजऱ्याचा जस्ताचा मुलामा कुरतडून झालेली विषबाधाही असेल. बाहेरून सगळ्यांचं चित्र जवळजवळ सारखंच. आणि कारण बुरशीचं असेल तर अँटिबायोटिकने आतले चांगले जिवाणू मरतात आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. शिवाय आजारी पक्षी पाणी कमी पितो, त्यामुळे पाण्यातून नेमकं किती औषध पोटात गेलं हे कुणालाच कळत नाही.

पुण्यातल्या एका पक्षीतज्ज्ञ डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलेली तयारी फार कामाची होती. ट्रेमध्ये वर्तमानपत्राऐवजी पांढरा कोरा कागद घालायचा, म्हणजे रंग नीट कळतात. प्रवासात पिंजरा उबदार ठेवायचा, तीन बाजूंनी झाकायचा. दाण्यांची पिशवी सोबत आणायची. आणि पिंजरा धुऊन आणायचा नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. आपण पाहुण्याकडे जायचं म्हणून सगळं लख्ख करतो आणि तपासायला काही उरतच नाही.

दवाखान्यात मी रंगांबद्दल बोलायला लागले तर डॉक्टर म्हणाले, "ताई, रंगावरून जंतू कळत नाही. आधी स्लाइड बघू, मग औषधाचं बोलू." ताज्या शीचा ठिपका, सलाइनचा थेंब, वर काचेची चकती. पहिल्या स्लाइडवर काहीच नव्हतं. मला वाटलं, सुटलो. पण ते म्हणाले, थांबा, अजून एक शी होऊ दे. ज्या जीवाची मला शंका आहे तो रोज आणि प्रत्येक वेळी बाहेर पडत नाही, त्यामुळे एका रिकाम्या स्लाइडवर विश्वास ठेवायचा नसतो. तासाभराने दुसरी स्लाइड लावली आणि त्यांनी मला डोळा लावायला सांगितलं. फिकट पार्श्वभूमीवर लांब, सरळ, न हलणाऱ्या काड्या. कुणीतरी काडेपेटी सांडल्यासारख्या आडव्या-तिडव्या पडलेल्या.

त्याचं नाव मॅक्रोऱ्हॅब्डस ऑर्निथोगॅस्टर. पक्षी पाळणारे अजूनही याला मेगाबॅक्टेरिया म्हणतात, कारण पूर्वी तो मोठा जिवाणूच समजला जायचा. तो यीस्ट आहे, म्हणजे बुरशीच्या घराण्यातला, हे २००३ साली निश्चित झालं. पक्ष्याला जठराचे दोन भाग असतात: एक पाचक रस सोडणारा, दुसरा दाणे दळणारा. हा जीव बरोबर त्या दोघांच्या जोडावर ठाण मांडतो. म्हणून दाणे न दळता बाहेर येतात आणि पक्षी खाऊनही वाळत जातो. साध्या अँटिबायोटिकचा याच्यावर काही उपयोग नाही.

बाकीच्या तपासण्याही त्यांनी टाळल्या नाहीत. गळ्याखालच्या पिशवीतला, म्हणजे क्रॉपमधला नमुना घेऊन कँडिडा ही दुसरी बुरशी पाहिली, ती नव्हती. ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जिवाणूंना रंग देऊन त्यांचे पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह असे दोन गट पाहिले. पोपटवर्गाच्या आतड्यात मुख्यतः ग्रॅम-पॉझिटिव्ह जंतू असावेत, ग्रॅम-निगेटिव्ह वाढले तर शंका घ्यायची. टिकल्याचं त्यात ठीक होतं. एक्स-रेमध्ये धातूचा कण नव्हता. हलणारा जिआर्डिया स्लाइडवर अगदी ताज्या नमुन्यातच दिसतो, म्हणून घरून डबीत नेलेली शी त्यासाठी फारशी उपयोगी पडत नाही. आणि क्लॅमिडिया सिटासी या जिवाणूसाठी स्वॅब घेऊन पीसीआरला पाठवला. तो पक्ष्याकडून माणसाला होतो, न्यूमोनियापर्यंत जातो. आमच्या मामंजींना दमा आहे, त्यामुळे रिपोर्ट येईपर्यंत त्यांना त्या खोलीत येऊ दिलं नाही. ट्रे साफ करताना मास्क लावायचा आणि वाळलेली शी झाडायची नाही, आधी ओली करून मग पुसायची, म्हणजे धूळ उडत नाही. रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण ही पद्धत मी कायम ठेवली आहे.

औषधाचं नाव ऐकून आमचे हे दचकले: अँफोटेरिसिन बी. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत याच इंजेक्शनसाठी लोक दुकानोदुकानी फिरत होते. माणसाला ते शिरेतून देतात आणि मूत्रपिंडावर त्याचा ताण येतो. पक्ष्याला इथे तोंडाने द्यायचं असतं. आतड्यातून ते रक्तात फारसं शोषलं जात नाही, जिथे बुरशी आहे तिथेच काम करतं. डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरांनीच काढायचा, म्हणून आकडा इथे मुद्दाम देत नाही. दिवसातून दोनदा, काही आठवडे.

देण्याची पद्धत मात्र सांगते, कारण अडचण तिथेच येते. मऊ नॅपकिनमध्ये पक्षी धरायचा, बोटं मानेच्या दोन्ही बाजूंना, पण छातीवर अजिबात दाब नको. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला, श्वासासाठी हलणारा पडदा) नसतं. छातीचं हाड पुढे-मागे झालं तरच त्याला श्वास घेता येतो. घट्ट आवळला तर तो गुदमरेल. एक मिलीची सुईविना सिरिंज चोचीच्या बाजूने, थेंबथेंब. प्रत्येक थेंबानंतर जीभ हलते का बघायचं, मगच पुढचा. घाईत पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जाईल. टिकल्या पहिल्या आठवड्यात चावायचा, फिस्कारायचा. नंतर नॅपकिन दिसला की मान आत घेऊन बसायचा. ते बघून जीव तुटायचा, पण वेळ चुकवून चालत नाही.

जेवणात कोरडे दाणे कमी केले. मऊ शिजवलेली भगर, उकडलेलं अंडं थोडंसं, आणि हळूहळू पेलेट्स, म्हणजे पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या. अख्ख्या दाण्यापेक्षा ते पचायला सोपं. पिंजऱ्याबाहेर एका टोकाला बल्ब लावून त्या भागात तीस अंशांच्या आसपास ऊब ठेवली. दुसरं टोक थंड, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येतं. तोंड उघडून धापा टाकत असेल तर ऊब जास्त झाली.

दुसऱ्या पिंजऱ्यात आमची काजू आहे, तीही कॉकाटील, एकदम ठणठणीत. डॉक्टरांनी तिचीही शी मागवली आणि तिच्यातही त्याच काड्या निघाल्या, अगदी थोड्या. कसलंही लक्षण नसताना पक्षी हा जीव बाळगून असतो आणि शीतून दुसऱ्याला देतो. तिलाही औषध सुरू केलं. ताटल्या, दांड्या, पाण्याची भांडी वेगळी झाली.

वजन आधी स्थिर झालं, मग एकेक ग्रॅमने चढलं. आता टिकल्या ९० च्या आसपास असतो आणि सकाळी परत शीळ घालतो. औषध संपल्यावर लगेच आणि पुन्हा काही आठवड्यांनी, दोन्ही वेळा वेगवेगळ्या दिवसांच्या शीचे नमुने तपासले. काड्या दिसल्या नाहीत. तरी डॉक्टरांनी 'कायमचा गेला' असं म्हटलेलं नाही. ताण आला, थंडी लागली की तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. म्हणून वजनाची वही चालू आहे, ट्रेमध्ये पांढराच कागद असतो, आणि मार्चमध्ये पुढची स्लाइड आहे, दोघांचीही.