मुखपृष्ठावरून उतरवलेला फोटो

माझ्या कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर आमच्या कुटुंबाचा एक जुना फोटो होता. मागे पाच जण उभे, पुढे खुर्च्यांवर चौघे आणि जमिनीवर तीन मुले. त्यांतले एक मूल नेमके त्या क्षणी हलल्यामुळे त्याच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका धूर उमटलेला आहे. पुस्तक मी स्वतःच प्रकाशित करत होते, मुखपृष्ठकाराचा खर्च टाळायचा होता आणि कौटुंबिक इतिहासावरच्या कादंबरीला कौटुंबिक फोटोच शोभेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. पुनर्मुद्रणाची वेळ आली तेव्हा मात्र सर्वांत आधी तो फोटो काढायचा, हे मी ठरवून टाकले होते.

याचे कारण मला दोन बाजूंनी कळले. अनोळखी वाचक पुस्तक हातात घेत, फोटो पाहत आणि तो एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे असे समजून सौजन्याने खाली ठेवत. दुसऱ्याच्या घराण्याची वंशावळ कोण कशाला वाचेल? नातेवाइकांचे दुखणे नेमके उलटे होते. कादंबरीत मी दोन चुलत आजोबांचे मिळून एक पात्र केले आहे आणि घराच्या वाटण्या प्रत्यक्षात झाल्या त्याच्या बऱ्याच आधी घडवून आणल्या आहेत. काकांनी पुस्तक वाचून एवढेच विचारले, "फोटो आपला लावलास, मग आत भलतेच का लिहिलेस?" तेव्हा मी सर्जनशील स्वातंत्र्यावर त्यांना लांबलचक उत्तर दिले, पण त्यांचा मुद्दा बिनतोड होता. खऱ्या माणसांचे चेहरे बाहेर लावले की आतला मजकूर आपोआप साक्ष ठरतो, आणि साक्षीत कल्पनेला जागा नसते. पहिल्या पानावर 'पात्रे काल्पनिक आहेत' असे छापले होते खरे, पण बारा जणांच्या फोटोपुढे त्या ओळीचे काय चालणार?

नव्या मुखपृष्ठासाठी आधी जे काही सुचले ते सारे इतरांनी वापरून गुळगुळीत केलेले होते: अर्धे उघडे दार, गंजलेली किल्ली, कंदील, दोरीने बांधलेली पत्रे. मूळ फोटोतले चेहरे पुसून नुसत्या आकृत्या ठेवून पाहिल्या, तर ती एखादी रहस्यकथा वाटू लागली. तो प्रयत्न मी त्याच संध्याकाळी रद्द केला.

फोटो पुन्हा अल्बममध्ये ठेवताना तो पालथा झाला आणि त्याची मागची बाजू मी बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिली. तिथे पेन्सिलीने एकाखाली एक बारा नावे लिहिलेली आहेत. अकरा नावे फिकट होत गेली आहेत. एक मात्र नंतर कोणीतरी शाईने खोडले आहे, आणि तेही एका रेघेने नव्हे, तर टोक पुठ्ठ्यात रुतेपर्यंत पुन्हा पुन्हा गिरवून. फोटो उजेडात तिरका धरला तर पुढच्या बाजूलाही त्या जागी बारीक उठाव दिसतो. तो कोणाच्या चेहऱ्यावर नाही, दोन खुर्च्यांमधल्या रिकाम्या जागेत आहे. माझी कादंबरी त्या खोडण्याबद्दलच आहे, आणि मी ते पुस्तकाच्या पोटात ठेवून बाहेर बारा चेहरे लावून बसले होते. नव्या मुखपृष्ठावर फोटोची ही मागची बाजूच लावायची, हे तिथेच ठरले.

फोटो साडेपाच बाय साडेतीन इंचांचा आहे आणि पुस्तक साडेपाच बाय साडेआठचे. साडेतीन इंच उंचीचा उभा तुकडा अडीच पट मोठा केला की पावणेनऊ इंच होतो. चारी बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे छपाईनंतर कापली जाणारी जादा कड, धरूनही तो जेमतेम पुरतो. छपाईला ३०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके, हवे असल्याने स्कॅन निदान ७५० डीपीआयचा लागणार होता. मी १२०० वर केला, कारण पेन्सिलीचा कण आणि पुठ्ठ्याचा तंतू वेगळे दिसायला हवे होते. खरी नावे वाचता आली असती तर काकांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला असता, म्हणून त्यांची सुरुवातीची अक्षरे त्याच पुठ्ठ्याच्या रंगाने झाकली आणि शेवटची एक-दोन तेवढी राहू दिली. खोडलेले नाव सबंध ठेवले. ते कोणालाच वाचता येत नाही.

शीर्षकाच्या अक्षरांनी मला सर्वांत जास्त छळले. पहिल्या वेळी शीर्षक ऐसपैस दिसावे म्हणून मी अक्षरांमधले अंतर वाढवले होते. रोमन लिपीत ते खपून जाते. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे सुटे तुकडे होतात. शिवाय शीर्षकात एक रफार आणि दोन वेलांट्या आहेत, आणि ई-पुस्तकांच्या दुकानात मुखपृष्ठ नखाएवढे दिसते तेव्हा सर्वांत आधी नाहीसे होते ते शिरोरेषेच्या वरचेच. किंडलसाठी २५६० बाय १६०० पिक्सेलची फाइल द्या अशी शिफारस आहे, म्हणून मी ती मोठ्या पडद्यावर कौतुकाने न्याहाळत राहिले आणि नखाएवढी करून एकदाही पाहिली नाही. आता 'मुक्त' या मुक्त परवान्याच्या फॉन्टमधले जाड वळण घेतले आहे, शिरोरेषा अखंड आहे आणि वरच्या मात्रांना मोकळी जागा आहे. 'चार पिढ्यांची कहाणी' ही मुखपृष्ठावरची जाहिरातवजा ओळ काढून तिथे 'कादंबरी' एवढाच शब्द ठेवला.

कण्याचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीच्या जाडीचा, हिशेबही या वेळी नीट केला. ३१२ पाने म्हणजे १५६ कागद. एक कागद ०.१ मिलिमीटर धरला तर कणा साडेपंधरा मिलिमीटरच्या आसपास येतो. पहिल्या वेळी कागद आयत्या वेळी बदलला, कणा सुमारे ३ मिलिमीटरने जाड झाला आणि कण्यावरचे शीर्षक एका बाजूला सरकून बसले. या वेळी त्याच कागदाची कोरी डमी बांधून घेतली आणि मोजपट्टी लावल्यावरच फाइल पाठवली. नुसते मुखपृष्ठ बदलल्याने नवा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख-क्रमांक) लागत नाही, त्यामुळे जुनाच क्रमांक आणि बारकोड कायम आहे. लॅमिनेशन मॅट, म्हणजे बिनचकाकीचे, घेतले. गडद मुखपृष्ठावर मॅटवर नखांचे ओरखडे उठून दिसतात, पण जुन्या पुठ्ठ्याच्या या फिकट रंगावर ती धास्ती कमी आहे.

छापील प्रूफ मी घरी सगळ्यांना दाखवले. काकांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले आणि "अक्षर आईचे आहे" एवढेच म्हणाले. आत्याने मात्र विचारले, "हे खोडलेले नाव कोणाचे गं?" त्याचे उत्तर कादंबरीच्या चौथ्या प्रकरणात आहे आणि तिथून पुढे शेवटपर्यंत दुसरे काही नाहीच. पहिल्या आवृत्तीचे सर्वांत जास्त कौतुक आत्यानेच केले होते.