शापोरा नदीकाठी सायकलने

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातील हळर्ण किल्ल्यापासून शापोरा नदीच्या कडेने खाली येताना मी शक्य तिथे डांबरी रस्ता सोडतो, आणि कोलवाळचा पूल ओलांडल्यावर कामुर्ली-शिवोलीच्या बाजूला खाजन शेतीचे, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या नदीकाठच्या भातशेतीचे, मातीचे बांध धरतो, कारण तिथे गाड्यांचा त्रास नसतो. टायर रुंद असावेत आणि त्यांतली हवा थोडी कमी ठेवावी. जांभ्याचे सुटे खडे चाकाखालून सरकतात, तेव्हा कडक टायरची पकड सुटते. वाटेत मानस (बांधातली दारे असलेली पाण्याची मोरी) लागली की मी हमखास उतरतो: भरतीच्या दाबाने तिची लाकडी दारे आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि खारे पाणी भातशेतीत शिरत नाही. पावसाळ्यात बांधाची माती मऊ असताना त्यावर चाक घालू नये, असे माझे ठाम मत आहे.

हळर्णचा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये सावंतवाडीच्या भोसल्यांकडून जिंकला, आणि त्याबद्दल व्हाइसरॉयला ‘हळर्णचा मार्किस’ ही पदवी मिळाली. नदीच्या मुखावरचा शापोऱ्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७१७ मध्ये नव्याने बांधला. तिथे पर्यटकांची गर्दी असते; वेळ कमी असेल तर मी हळर्णच निवडीन.