कचरा-भट्टीला हरकत: ताडपत्री, ताणकाटा आणि एक तक्ता

कचरा जाळून वीज करणारी भट्टी वस्तीजवळ येणार म्हटलं की पहिली चर्चा होते ती धुराची. धुराचा मुद्दा खोटा नाही. पण हरकतीची सुरुवात तिथून करू नये, असं हरकत नोंदवण्याची ही प्रक्रिया एकदा अथपासून इतिपर्यंत पार केल्यावर माझं पक्कं मत झालं आहे. धुराबद्दल प्रकल्पवाले तयारीनिशी येतात: कापडी गाळण्या, चुन्याचा फवारा, चोवीस तास मोजणी. कचऱ्यात पाणी किती, हा प्रश्न आला की मात्र पानं उलटायला लागतात.

सगळ्यात आधी पूर्ण प्रकल्प अहवाल मिळवावा. सारांशावर भागवू नये, कारण लागणारे आकडे परिशिष्टात दडलेले असतात. मी पेन्सिल घेऊन फक्त पाच गोष्टी शोधल्या: रोज किती टन कचरा धरला आहे, कचऱ्याचं उष्मांक मूल्य (किलोभर जाळल्यावर मिळणारी उष्णता) किती धरलं आहे, पूरक इंधन किती लागेल, राख किती निघेल आणि ती कुठे जाईल, आणि ठरलेला कचरा पुरवला नाही तर कंत्राटात काय होईल.

दुसऱ्या आकड्यापाशी थांबावंच लागतं. उष्मांक मूल्य ‘कोरड्या आधारावर’ दिलंय की ‘आहे त्या स्थितीत’, हे बघायचं. कचरा पूर्ण वाळवून मोजला तर आकडा देखणा येतो. समजा कोरड्या आधारावर किलोला २४०० किलोकॅलरी लिहिलंय आणि कचऱ्यात निम्मं पाणी आहे. मग किलोभर कचऱ्यात जळणारा कोरडा भाग अर्धाच, म्हणजे १२०० किलोकॅलरी. उरलेल्या अर्धा किलो पाण्याची वाफ करायला साधारण २९० किलोकॅलरी खर्ची पडतात (पाण्याच्या वाफेला किलोमागे २.४४ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे ५८३ किलोकॅलरी). हातात उरल्या ९१० च्या आसपास. कचऱ्यातल्या हायड्रोजनपासून जळताना जे पाणी तयार होतं ते धरलं तर आणखी कमी. जागतिक बँकेची १९९९ ची मार्गदर्शिका सांगते की वार्षिक सरासरी किलोला किमान ७ मेगाज्यूल हवी, म्हणजे साधारण १६७० किलोकॅलरी, आणि कुठल्याही ऋतूत ती ६ च्या खाली जाता कामा नये. दिल्लीतल्या तिमारपूरला १९८० च्या दशकात डॅनिश तंत्रज्ञानाची रोज ३०० टनांची भट्टी उभी राहिली आणि ती बंद पडली ती याच कारणाने. कचरा नीट जळेनाच.

पण नुसतं ‘तुमचा आकडा चूक’ म्हणून भागत नाही, आपला आकडा लागतो. त्यासाठी कचरा मोजावा लागतो, आणि यात घाई केली तर सगळी मेहनत पाण्यात.

सलग सात दिवस घ्यायचे, सुट्टीचा वार त्यात आलाच पाहिजे. गाडीतला कचरा ताडपत्रीवर ओतून फावड्याने उलटापालटा करायचा, शंकूसारखा ढीग करायचा, तो वरून दाबून चपटा करायचा आणि त्याचे चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन भाग बाजूला टाकायचे, उरलेले दोन परत मिसळायचे. असं करत शंभरेक किलोवर यायचं. मग तो हातांनी वेगळा करायचा: ओला, प्लास्टिक, कागद-पुठ्ठा, कापड-रबर-लाकूड, काच-धातू, डायपर आणि सॅनिटरी पॅड, आणि माती-झाडलोट. जाड हातमोजे, गमबूट, मास्क हवेतच आणि धनुर्वाताचं इंजेक्शन आधीच घेतलेलं असावं. सुया आणि फुटक्या काचा हमखास निघतात. ५० किलोचा ताणकाटा पुरतो, फक्त प्रत्येक बादलीचं रिकामं वजन तिच्यावरच रंगाने लिहून ठेवावं.

चुका होतात त्या पुढच्या गोष्टींत. कचरा रात्रभर पडून राहिला की लिचेट, म्हणजे कचऱ्यातलं घाण पाणी, खाली गळतं आणि पाण्याचं प्रमाण कमी दिसतं, म्हणून ढीग उतरल्यावर दोन तासांत वजन झालं पाहिजे. दारातला कचरा आणि डेपोवर पोचलेला कचरा वेगळा असतो, कारण मधे कचरावेचक चांगलं प्लास्टिक आणि पुठ्ठा काढून घेतात. भट्टीत जाणार तो डेपोवरचा, तेव्हा नमुना तिथलाच. पावसाळा आणि कोरडा ऋतू असे दोन वेगळे आठवडे मोजता आले तर उत्तमच. ओलावा प्रयोगशाळेतच मोजून घ्यावा: नमुना १०५ अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत, साधारण चोवीस तास. उन्हात वाळवलेला नमुना मांडला की तुमचा कागद पहिल्याच प्रश्नाला बाद.

यानंतर तक्ता. मांडणी कशी करायची हे कळावं म्हणून उदाहरणादाखल धरलेले आकडे घेऊन दाखवतो, स्वतःचे आकडे मोजूनच घालावेत. शंभर किलोच्या ढिगात ५४ किलो ओला कचरा धरा. त्यात ७२ टक्के पाणी असेल तर किलोमागे उष्णता जेमतेम २.५ मेगाज्यूल, एकूण १३५. प्लास्टिक ९ किलो, २८ ने गुणून २५२. कागद-पुठ्ठा ८ किलो, १२ ने गुणून ९६. कापड-रबर-लाकूड ६ किलो, १४ ने गुणून ८४. डायपर-पॅड ३ किलो, ७ ने गुणून २१. माती-झाडलोट १८ आणि काच-धातू २ किलो, उष्णता शून्य. बेरीज ५८८, म्हणजे किलोला ५.९ मेगाज्यूल. सहाच्याही खाली.

या तक्त्यात मला सगळ्यात बोलकी ओळ वाटते ती प्लास्टिकची. वजनात ९ टक्के, उष्णतेत ४३. उलट ओला कचरा वजनात अर्ध्याहून जास्त आणि उष्णतेत २३ टक्के. म्हणजे ही भट्टी ‘कचऱ्यापासून ऊर्जा’ कमी आणि प्लास्टिक जाळून पाणी उकळण्याची सोय जास्त. एक किलो पॉलिथिन जळलं की सुमारे ३.१ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि तो कार्बन खनिज तेलातला असतो. या विजेला ‘हरित’ म्हणताना हे सांगायचं राहून जातं.

आता सापळा. हा तक्ता ठेवला की समोरून हमखास उत्तर येतं: ‘बरोबर आहे, मग ओला कचरा वेगळा करा, आमची भट्टी छान चालेल.’ इथे बरेचजण गप्प होतात. हिशेब पुढे न्यावा. ओला गेला ५४. माती, काच, धातू गेले २०. प्लास्टिकातलं विकलं जाणारं ६ किलो, कागदातलं ५, कापड-लाकडातलं वापरण्याजोगं २ किलो काढलं, की उरतात १३ किलो. म्हणजे ३०० टनांच्या भट्टीसाठी रोज ३९ टन. आता ती पूर्ण भरायची कशाने? एकतर वेगळं केलेलं परत त्यातच टाकायचं, नाहीतर बाहेरून कचरा आणायचा. ठरलेले टन पुरवले नाहीत तरी पैसे द्यावेच लागतील, अशी अट असलेली कंत्राटं वीस-वीस वर्षांची असतात. एकदा सही झाली की कचरा कमी करणं हाच तोट्याचा धंदा होतो. अमेरिकेतल्या हॅरिसबर्गच्या नगर परिषदेने भट्टीच्या कर्जापायी २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. डेन्मार्कसारख्या भट्ट्यांच्या देशानेही २०२० मध्ये जाळण्याची क्षमता दहा वर्षांत ३० टक्क्यांनी उतरवायचं ठरवलं, कारण भट्ट्या भरायला कचरा आयात करावा लागत होता.

धुरावर मी तीनच प्रश्न लेखी दिले. पहिला ऑक्सिजनचा. चिमणीतलं मोजमाप ११ टक्के ऑक्सिजनवर आणून सांगायचं असतं, नाहीतर जास्त हवा सोडून आकडा पातळ करता येतो. सूत्र सोपं आहे: मोजलेला आकडा गुणिले १०, भागिले (२१ वजा प्रत्यक्ष ऑक्सिजन). डायॉक्सिनची (कचरा जळताना तयार होणाऱ्या अतिविषारी रसायनांची) युरोपीय मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. एखाद्या तक्त्यात ०.०८ लिहिलंय, पण ऑक्सिजन १५ टक्के असताना मोजलंय, तर खरा आकडा ०.१३. पास झालेला कागद नापास होतो. दुसरा प्रश्न वेळेचा. डायॉक्सिनचा नमुना सहा ते आठ तासांचा, वर्षातून मोजक्या वेळा, भट्टी सुरळीत चालू असताना घेतात. सर्वात जास्त घाण निघते ती भट्टी पेटवताना आणि विझवताना, त्या वेळची मोजणी कुठे आहे? तिसरा तापमानाचा. वायू ८५० अंशांवर किमान दोन सेकंद राहायला हवेत. ओल्या कचऱ्याने ताप उतरला की तेल किंवा गॅसचे बर्नर पेटवावे लागतात, तर ते वर्षाला किती इंधन खातील? आणि पुढे धूर थंड होताना २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यात डायॉक्सिन नव्याने तयार होतं. त्यामुळे ‘इतक्या तापमानात सगळं जळून जातं’ हे उत्तर अर्धंच आहे.

राखेला एक परिच्छेद पुरतो. वरच्या ढिगातून तळाची राख पंचवीसेक किलो निघेल, म्हणजे डेपोची गरज संपत नाही. गाळणीत अडकलेली फ्लाय ॲश थोडी असते, पण शिसं, कॅडमियम, डायॉक्सिन सगळं तिच्यात साचतं. गाळणी जितकी चांगली तितकी ही राख जास्त विषारी.

प्रकल्पाच्या जनसुनावणीत बोलायला मिळतात काही मिनिटं, त्यामुळे खरं काम लेखी निवेदनात होतं. मुद्द्यांना क्रमांक द्यावेत, प्रत्येक मुद्द्यापुढे अहवालाचं पान लिहावं, दोन प्रती न्याव्यात आणि दुसरीवर तारीख-शिक्क्यासह पोच घ्यावी. एका माणसाने एकच मुद्दा बोलावा. दहा जणांनी धुरावर भाषण केलं की इतिवृत्तात ‘नागरिकांनी प्रदूषणाबद्दल चिंता व्यक्त केली’ एवढं एक वाक्य उरतं. पान क्रमांकासकट विचारलेला प्रश्न असा गुंडाळता येत नाही. इतिवृत्ताची प्रत मागून ती निवेदनाशी ताडून बघावी आणि गाळलेले मुद्दे लगेच लेखी कळवावेत.

‘मग कचरा टाकायचा कुठे?’ हा प्रश्न येतोच, आणि तो रास्त आहे. इटलीतल्या कापान्नोरीत रोस्सानो एर्कोलिनी या प्राथमिक शिक्षकाने भट्टीला विरोध केला, तेव्हा जोडीला दारोदारी वेगळा कचरा उचलण्याची योजनाही उभी राहिली. २००७ मध्ये त्या गावाने युरोपात सर्वात आधी शून्य कचऱ्याचं धोरण स्वीकारलं. आमच्या निवेदनाचं परिशिष्टही पर्यायाचंच होतं, आणि त्यातला मोठा भाग त्या ५४ किलोंचा.

घरात वीस लिटरची, बाजूंना आणि तळाला ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडलेली बादली पुरते, चौघांच्या घराला दोन. तळाशी चार बोटं सुका पाला, वर दिवसाचा ओला कचरा बारीक करून, त्यावर जवळजवळ तेवढ्याच मापाचा पाला किंवा लाकडाचा भुसा. झाकण रोज. पहिली बादली भरली की ती बाजूला ठेवून दुसरी सुरू करायची. दोन-तीन महिन्यांत खत होतं आणि वजन तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतं. ओलावा मुठीत धरून कळतो: घट्ट दाबल्यावर बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाला घाला, भुसभुशीत सुटलं तर पाणी शिंपडा. नाकात अमोनिया झोंबला तर ओला जास्त झालाय. कुजक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही, तेव्हा ढवळा. अळ्या दिसल्या की लोक बादली फेकून देतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात आणि काम झटपट उरकतात. नको असतील तर पाल्याचा थर जाड करावा. बहुतेक बादल्या बंद पडतात त्या मात्र यांतल्या कशानेच नाही, तर सुका पाला संपल्याने. पानगळीच्या दिवसांत पोती भरून ठेवावीत.

वस्तीपातळीवर ढीग किमान एक मीटर उंच-रुंद हवा, नाहीतर तो तापतच नाही. बंदिस्त पेटीत ५५ अंश सलग तीन दिवस मिळाले की रोगजंतू मरतात. उघड्या लांब ढिगाला पंधरा दिवस आणि त्यात पाच वेळा उलटणं लागतं. लांब दांड्याचा तापमापक घ्यावाच, हात घालून अंदाज करू नये. बायोगॅस करायचा तर एका टनाला साधारण ८० ते १०० घनमीटर गॅस मिळतो. बिघडतो तो हावरेपणाने: कचरा जास्त टाकला की आत आम्ल साचतं, सामू (पीएच) ६.५ च्या खाली उतरतो आणि ज्योत विझते. मग काही दिवस भरणं बंद, थोडा चुना आणि चालू संयंत्रातली स्लरी.

उरलेल्या १३ किलोंचं पोतं दर तीन महिन्यांनी ताडपत्रीवर ओतून परत मोजावं. त्यात ओला कचरा दिसला तर घराघरांतलं विलगीकरण ढिलं पडलंय किंवा गाडी दोन्ही एकत्र ओततेय. गाडीला दोन कप्पे नसतील तर ओला आणि सुका वेगवेगळ्या दिवशी उचलावा. ओला नसेल, तर थर दिलेली बहुपदरी पाकिटं आणि डायपर उरतात. पाकिटांवरची नावं लिहून काढावीत, आपल्या पाकिटांच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांनी घ्यावी, असं मागताना ती यादी लागते. डायपरचं वजन वेगळं ठेवावं: वजनाला जड, ओले, आणि त्यांच्यासाठी अजून खड्डाच लागतो.