इस्तंबूलमधला शेवटचा दिवस, साध्या बोटीवर

विमान रात्री उशिराचं होतं, म्हणजे शेवटचा अख्खा दिवस मोकळा. माझ्या यादीत एक राजवाडा आणि जमिनीखालचं ते खांबांचं जुनं पाण्याचं टाकं अजून राहिलं होतं. नाश्त्याला ह्यांनी यादी वाचली, घडी घालून माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "अगं, आज बोटीने नुसतं पलीकडे जाऊन येऊ. टुरिस्टांच्या नको, लोक कामाला जातात त्या बोटीने."

आमचं घर उरणचं आणि ह्यांची नोकरी मुंबईत. मोरा ते भाऊचा धक्का हा लाँचचा प्रवास त्यांनी रिटायर होईपर्यंत केला. ओहोटीला गाळामुळे लाँच जेटीला लागत नाही म्हणून ताटकळणं, पावसाळ्यात लाटेने भिजलेला डबा घरी परत येणं, हे आमच्या संसाराचंच वेळापत्रक होतं. त्यामुळे राजवाड्याचा हट्ट मी धरला नाही.

एमिनोनूच्या धक्क्यावरून कादिकोयची बोट धरली. युरोपातून आशियात, वीसेक मिनिटांत. तिकीट वेगळं काढायचं नाही, बस-ट्रामचंच कार्ड टेकवायचं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. चहावाला ताटात कमरेशी निमुळते छोटे ग्लास घेऊन फिरत होता. दूध नाही, बशीत साखरेचे दोन खडे. पोरं तीळ लावलेल्या सिमित नावाच्या गोल पावाचे तुकडे उडवत होती आणि सीगल ते हवेतच झेलत होते. थंडीत मांडव्याच्या बोटीमागे येतात तसेच.

ह्यांचं लक्ष मात्र धक्क्याच्या दगडांवर. बराच वेळ बघून म्हणाले, "इथे चिखलाची रेघच नाही बघ." खरंच नव्हती. मार्मराच्या समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच. पाणी आहे तिथेच राहतं, म्हणून बोट घड्याळावर सुटते. मोऱ्याला आधी भरतीचं कोष्टक बघायचं आणि मग घड्याळ. हे बोलताना त्यांच्या आवाजात हेवा होता, आणि तो मला अगदी पटला.

आणखी एक गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली. बॉस्फरसवर, म्हणजे युरोप आणि आशियाच्या मधल्या त्या सामुद्रधुनीवर, तीन पूल आहेत: १९७३, १९८८ आणि २०१६ चा. २०१३ पासून पाण्याखालून रेल्वे जाते, २०१६ पासून मोटारींचा बोगदाही आहे. तरी आमची बोट भरलेली होती. दप्तरवाली मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, लॅपटॉप उघडून बसलेला एक तरुण. पूल झाला म्हणून बोटीला कुणी निरोप दिला नाही. आपल्याकडे १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू झाला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकल आली. दोन्ही हवंच होतं, आम्ही पेढे वाटले. पण तेव्हापासून "आता लाँच कशाला" असं जो तो म्हणतो, ते मला टोचतं. ज्याच्याकडे गाडी नाही, टोलचे पैसे नाहीत आणि ज्याचं काम धक्क्याजवळच आहे, त्याने काय करायचं?

कादिकोयला उतरलो ते थेट मासळीबाजारात. इथे मला कुणी हात धरून न्यायची गरज नव्हती. ऑक्टोबर होता, म्हणजे पालामुतचे दिवस. आपल्या कुप्याच्या कुळातला हा मासा शरदात काळ्या समुद्रातून बॉस्फरसमार्गे खाली उतरतो. लाल रंगवलेल्या गोल ताटांत मासे मांडलेले, आणि प्रत्येकाचा कल्ला बाहेर काढून उलटा ठेवलेला. लालभडक, ओला, फुलासारखा. आपण कोळणीसमोर बोटाने कल्ला वर करून बघतो, इथे विकणाराच तो दाखवून ठेवतो. मी खाली वाकून वास घेतला. विकणारा हसला, त्याने आणखी एक मासा उचलून माझ्यापुढे धरला. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण डोळे स्वच्छ आहेत, अंग घट्ट आहे, हे आम्ही दोघांनी खुणांनी एकमेकांना सांगितलं. हॉटेलात चूल नाही याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. मोठ्या जाळ्यांच्या बोटींना तिकडे १५ एप्रिलपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंदी असते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै. एवढी कळ सोसल्यावर बाजार असा भरणारच, असं मला वाटतं.

शेजारच्या खानावळीत हाम्सी खाल्ली. मांदेलीच्या घराण्यातली बारीक मासळी, मक्याच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळलेली. सोबत कांदा, लिंबू आणि तिखटसर पाला. मसाला नाही, हळद नाही, तरी ताट पुसून खाल्लं.

येताना संध्याकाळची गर्दी होती, बसायला जागा नाही. हे दोराजवळ जाऊन उभे राहिले. बोट धक्क्याला घासताच खलाशाने दोर खुंट्यावर फेकला, दोन वेढे दिले आणि फळी सरकवली. फळी पुरती टेकायच्या आतच पुढची माणसं उड्या मारून पसार. हे मोठ्याने हसले. "भाऊचा धक्का!" खलाशाला काय कळलं कोण जाणे, त्याने छातीवर हात ठेवून मान लववली.

विमानतळाच्या बसमध्ये ह्यांनी माझ्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं होतं. मोऱ्याचा गाळ वेळच्या वेळी काढला तर ओहोटीच्या कोणत्या फेऱ्या वाचतील, धक्क्यावर लोकलचंच तिकीट चालवलं तर किती सोपं होईल. घरी गेल्यावर बंदर खात्याला पत्र लिहायचं म्हणतात. मी म्हटलं, लिहा, अक्षर माझं चांगलं आहे, मी उतरवून देते.